लाल उजेडात रंग कालवता येत नाही

प्रति,
संपादक,
स. न. वि. वि.

मंगळवारच्या अंकातले ‘आफ्टरइमेज’चे परीक्षण वाचले. साम्यवादी राजवटीतला पोलिश चित्रकार स्त्शेमिन्स्की याच्यावरचा, पोलिश दिग्दर्शक आंद्रे वायदा यांचा हा चित्रपट. २०१६ च्या इफ्फीचा (भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचा) उद्घाटनाचा चित्रपट ठाण्यात दाखवला गेला आणि आपण त्याला जागा दिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. पण चित्रकाराच्या खिडकीवर स्टालिनचे चित्र असलेले लाल कापड उतरते आणि खोली लाल होते, त्या प्रसंगाला परीक्षकांनी भडक प्रतीक म्हणून निकालात काढले, ते अजिबात पटले नाही. प्रतीक नंतरचे. आधी ती चित्रकाराची रोजची अडचण आहे.

लाल मांडवाखाली बसलेल्या माणसाचा पांढरा सदरा बघा. तो लाल दिसतो, आणि त्याच्यावर कुंकवाचा डाग पडला तर दिसतच नाही. कॅनव्हासचे तेच होते. लाल उजेडात कॅडमियम रेड हा भडक लाल रंग आणि पांढरा यांतला फरक जवळजवळ पुसला जातो. अल्ट्रामरीन निळा, व्हिरिडियन हिरवा काळे पडतात. पॅलेटवर काय कालवले ते दिवसाच्या उजेडात नेल्यावरच कळते. म्हणून स्त्शेमिन्स्की कुबडीने ते कापड फाडतो. त्याला उजेड हवा आहे, एवढेच. आणि तेवढ्यावरून पोलीस त्याला घेऊन जातात. वायदांनी हे किती नेमके धरले आहे!

परीक्षणात चित्रपटाच्या नावाचा अर्थही चुकला आहे. ‘मागे उरलेल्या आठवणी’ नव्हे, नजर हटवल्यावर डोळ्यात उरणारी प्रतिमा. लाल कागदाच्या तुकड्याकडे अर्धा मिनिट नजर न हलवता बघा आणि मग पांढऱ्या भिंतीकडे बघा. हिरवट-निळा डाग तरंगताना दिसेल. लाल टिपणाऱ्या पेशी थकतात, म्हणून पांढऱ्यातला उरलेला भाग वरचढ होतो. स्त्शेमिन्स्कीने १९४८-४९ मध्ये सूर्याकडे पाहून डोळ्यात उरणाऱ्या याच डागांची चित्रे केली. त्याचा पाहण्याच्या सिद्धांतावरचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १९५८ मध्ये छापला गेला.

‘छळ कुठे दिसतो?’ असेही परीक्षकांनी विचारले आहे. मारहाण नाही, छळछावणी नाही, हे खरे. सगळे कागदावर होते. १९५० मध्ये पोलंडमधल्या लॉड्झ शहराच्या कलाशाळेतून त्याला काढले, तेही त्याने स्वतः उभारायला मदत केलेल्या शाळेतून. मग कलावंत संघाचे सदस्यत्व गेले. सदस्यत्व नाही म्हणून दुकानदार रंगाची ट्यूब देत नाही. पगार नाही म्हणून घरकाम करणारी बाई ताटातले सूप परत भांड्यात ओतते. पुढाऱ्यांची चित्रे रंगवण्याचे काम मिळते, तेही जाते. एक हात आणि एक पाय पहिल्या महायुद्धात गमावलेला माणूस शेवटी दुकानाच्या काचेमागे पुतळे सजवताना कोसळतो. डिसेंबर १९५२ मध्ये क्षयाने तो गेला. प्रत्येक पायरीवर कुणीतरी फक्त आपले काम केले, आणि हे दिसायला परीक्षकांना चाबूक लागावा याचे वाईट वाटते.

चित्रपटावर माझाही एक राग आहे. कातारजिना कोब्रो, त्याची पत्नी, केवढी शिल्पकार! १९४५ च्या थंडीत मुलीसाठी शिजवायला सरपण नव्हते, तेव्हा तिने स्वतःची लाकडी शिल्पे जाळली. चित्रपटात ती जवळजवळ दिसतच नाही. परीक्षणात तर नावही नाही.

शेवटी आयोजकांसाठी, तेही आपला अंक वाचत असतील म्हणून. परवाच्या खेळात प्रोजेक्टर ‘डायनॅमिक’ या चित्राच्या मोडवर होता. त्या मोडमध्ये उजेड वाढवण्यासाठी हिरवा पुढे येतो आणि लाल फिकट, नारिंगी होतो. कापडाचा तो प्रसंग आम्ही नारिंगी पाहिला. ‘सिनेमा’ मोड लावा, पडदा थोडा काळोखा दिसला तरी चालेल. पडद्याजवळच्या भिंतीवरचे दिवे बंद ठेवा. बाहेर पडण्याच्या पाट्यांचा उजेड पुरतो. आणि खेळाआधी पाच मिनिटे तोच प्रसंग लावून, सभागृहाच्या मधल्या रांगेत बसून लाल नीट तपासा.

कळावे.

एक वाचक, निवृत्त कलाशिक्षक
नौपाडा, ठाणे