दांडा आधी आपटतो, हँडल नंतर: स्टिअरिंग डॅम्परच्या किटबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, उत्पादन आणि ग्राहक सेवा विभाग,
पुणे

विषय: माझ्या मोटरसायकलसाठी म्हणून विकलेल्या स्टिअरिंग डॅम्परच्या (हँडलची थरथर रोखणारा, तेल भरलेला दांडा) किटमधला सदोष फोर्क क्लॅम्प (डॅम्पर पुढच्या चाकाच्या पाइपाला धरून ठेवणारी पकड), आणि त्यावर मिळालेली उत्तरं

महोदय,

आत्ताच तुमच्या हेल्पलाइनचा फोन ठेवला. समोरचा माणूस बोलतच होता, तेवढ्यात मोबाइलवर मेसेज आला की तुमची तक्रार निकाली काढण्यात आली आहे. कोणी काढली आणि कशी काढली, मला माहीत नाही. डॅम्पर काढून माझ्यासमोर टेबलावर ठेवलाय, फोर्कच्या पाइपावर चर पडली आहे, आणि तुमच्या दफ्तरात मी समाधानी ग्राहक म्हणून नोंदला गेलोय.

तक्रार एवढीच आहे. किटमध्ये माझ्या मॉडेलसाठी म्हणून जो फोर्क क्लॅम्प येतो, त्यावरचं भोक चुकीच्या जागी पाडलेलं आहे. हँडल पूर्ण वळायच्या आधीच डॅम्परचा दांडा टोकाला आपटतो. हँडल कुठे थांबायचं हे ठरवायला फ्रेमवर स्टॉपर असतो, त्या स्टॉपरपर्यंत हँडल जातच नाही. डॅम्परने कधीही स्टॉपरचं काम करायचं नसतं, हे तुम्हाला मी सांगावं अशी वेळ यायला नको होती.

हे अंदाजाने लिहीत नाही. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका ओळखीच्या टर्नरकडे गाडी नेऊन व्हर्निअर लावून मापं घेतली आहेत. हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत साधारण 70 अंश फिरतं. तुमच्या क्लॅम्पचं भोक स्टिअरिंगच्या आसापासून 72 मिमीवर आहे. म्हणजे दांड्याला जवळपास 83 मिमी सरकायला जागा पाहिजे. तुमच्याच खोक्यावर डॅम्परचा स्ट्रोक, म्हणजे दांडा जेवढा सरकू शकतो ती लांबी, छापलाय 75 मिमी. वरचे 8 मिमी कुठून आणायचे? तेच भोक 60 मिमीवर घेतलं असतं तर 69 मिमीत काम भागलं असतं आणि दोन्ही टोकांना तीन-तीन मिमी मोकळे राहिले असते. टर्नरने कागदावर दोन रेघा ओढल्या आणि म्हणाला, "ओ सर, ह्यात मिस्त्रीचं काय चुकलंय? भोकच लांब पाडलंय की." त्याला हे कळायला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. तुमच्या कंपनीत हे कोणीच तपासलं नसेल यावर माझा विश्वास बसत नाही.

डॅम्पर मी हौसेसाठी घेतला नव्हता. माझं काम निपाणी, संकेश्वर, चिकोडीकडे असतं, आणि महिन्यातून एखादी फेरी जांबोटी-चोर्लामार्गे गोव्याला होते. चोर्ला रस्त्याची काय अवस्था असते ते बेळगावात कोणालाही विचारा. पुढचं चाक खड्ड्याच्या काठावरून उडून तिरकं खाली बसलं की हँडल लगालगा हलायला लागतं. वंटमुरी घाटाच्या अलीकडे-पलीकडे हायवेवर ट्रकला ओव्हरटेक करताना वाऱ्याचा धक्का बसला तरी तेच. डॅम्पर घ्यायच्या आधी जे तपासायचं ते सगळं तपासलं होतं. कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंग, नवीन टाकला, पुढचं टायर बदललं, चाकाची बेअरिंग बघितली, दोन्ही चाकं एका रेषेत आहेत का ते दोरी लावून पाहिलं, मागची पेटीसुद्धा काढून ठेवली. थरथर कमी झाली, पण गेली नाही. तेव्हा कुठे डॅम्पर घेतला. आणि तरीही तुमच्या हेल्पलाइनवर दर वेळी पहिला प्रश्न ठरलेला: "सर, टायरमधली हवा चेक केलीत का?"

वेगात तुमचा डॅम्पर काम करतो, हे मी मान्य करतो. हँडल सावकाश फिरवलं तर तेल व्हॉल्व्हमधून आरामात जातं, एकदम झटका बसला की तेच तेल अडतं आणि हँडल जागेवर राहतं. बसवल्यानंतर हत्तरगी टोलपर्यंत जाऊन आलो तेव्हा मला मनापासून बरं वाटलं होतं. म्हणून तर जास्त राग येतोय. आतली वस्तू चांगली बनवलीत आणि ती गाडीला धरून ठेवणाऱ्या लोखंडाच्या तुकड्यात घोळ घातलात.

घोळ कळला तो शहापुरातल्या बोळात. बहीण मागे बसली होती. गाडी वळवून घ्यायची म्हणून हँडल डावीकडे पूर्ण टाकायला गेलो, तर ते मध्येच टक्क करून थांबलं. जेवढी वळेल असा हाताला वर्षांचा अंदाज आहे तेवढी गाडी वळलीच नाही. वेग जवळजवळ शून्य, त्यामुळे तोल सांभाळायला काही उरलं नाही आणि गाडी आडवी झाली. बहिणीचा गुडघा सोलवटला. बोळ होता म्हणून तेवढ्यावर भागलं.

दुसरी गोष्ट याहून वाईट. दांडा टोकाला आपटला की पुढचा सगळा जोर क्लॅम्पवर येतो. हँडलसारखी लांब पहार हातात असल्यावर दोन बोल्टांचा क्लॅम्प किती टिकाव धरणार? जांबोटीला चहाला थांबलो तेव्हा सहज पुढे वाकून बघितलं. क्लॅम्प पाइपावर फिरला होता. जिथे आधी बसला होता तिथे चकचकीत पट्टा उमटला होता, पट्ट्याच्या कडेला नखाला लागेल एवढी चर पडली होती, आणि दांड्याच्या सीलपाशी तेल पाझरून त्यावर लाल धूळ चिकटली होती. हँडल उजवीकडे अडत होतं. पुढे चोर्ल्याची वळणं होती. बॅगेतल्या अॅलन की काढून डॅम्पर तिथेच उतरवला, पिशवीत टाकला आणि घाट न उतरता परत फिरलो.

बोल्ट सैल राहिले असतील, असं म्हणू नका. मिस्त्रीने थ्रेडलॉकर (बोल्ट सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावायचा चिकट द्रव) लावून, तुमच्या कागदात दिलेल्या टॉर्कवर, म्हणजे आवळायच्या ठरलेल्या जोरावर, रेंच लावून ते बसवले होते, मी शेजारी उभा होतो. अजून आवळले असते तर पाइपच दबला असता.

आता आजच्या फोनबद्दल. हे सविस्तर लिहितो, कारण तुमची माणसं ग्राहकाशी काय बोलतात ते तुम्हाला कळलं पाहिजे.

आधी मला पिनकोड विचारला. 590006 सांगितल्यावर म्हणाले, तुम्ही कर्नाटकात येता, तुमची तक्रार बेंगळुरूकडे जाईल. बेंगळुरूला फोन जोडून दिला. तिथे कन्नडमध्ये सगळं पहिल्यापासून सांगितलं. आम्हा बेळगावच्या माणसांना तेही जमतं, भाषेचा प्रश्नच नव्हता. त्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की किट पुण्यातून येतं, तांत्रिक प्रश्न पुण्यालाच विचारा. परत पुणे. पुन्हा पिनकोड. मी वरिष्ठांना द्या म्हणून हट्ट धरला तेव्हा एक वरिष्ठ गृहस्थ लाइनवर आले.

मी म्हणालो, हँडल पूर्ण वळत नाही, दांडा आधी आपटतो.

ते म्हणाले, "सर, हँडल पूर्ण वळवायची गरज काय आहे? डॅम्पर स्पीडसाठी असतो. स्पीडला कोणी हँडल एवढं वळवतं का?"

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. पुन्हा विचारलं. त्यांनी तेच वाक्य पुन्हा, जरा सावकाश, मला समजत नसल्यासारखं म्हटलं.

मी सांगितलं की गाडी स्पीडला येण्याआधी ती माझ्या गेटमधून बाहेर काढावी लागते. खडे बाजारात दोन रिक्षांमधून वळवावी लागते. अचानक कोणी आडवं आलं तर कमी वेगात हँडल झटकन पूर्ण टाकावं लागतं. रस्त्यावरच्या गाडीचं निम्मं आयुष्य कमी वेगातच जातं. त्यावर ते म्हणाले, "मग अॅडजस्टर पूर्ण घट्ट करून बघा." म्हणजे दांडा आपटू नये म्हणून हँडलच जड करायचं! अॅडजस्टर घट्ट केल्याने स्ट्रोक वाढत नाही. उलट डॅम्पर गरजेपेक्षा जास्त घट्ट केला तर कमी वेगात गाडी तोलणं अवघड होतं आणि वेगात सगळी गाडीच संथपणे डुलायला लागू शकते. तुमचा वरिष्ठ माणूस ग्राहकाला हा सल्ला देतो आणि ग्राहकाने तो पाळला तर जबाबदार कोण?

मग शेवटचं वाक्य आलं: "सर, आमचं प्रॉडक्ट ट्रॅकसाठी आहे. रोडवर लावायचा निर्णय तुमचा."

तुमचं खोकं माझ्यासमोर आहे. त्यावर रस्ता आणि टूरिंगसाठी असं ठळक छापलंय. घाटातल्या वळणावर झुकलेल्या गाडीचं चित्र आहे, तिला नंबर प्लेट आहे आणि मागे सामान बांधलेलं आहे. घरच्या घरी साध्या पान्यांनी बसवा, असंही तुम्हीच लिहिलंय. मला किट विकताना रस्ता चालतो, आणि गाडी आडवी झाली की ट्रॅक आठवतो, हे चालणार नाही. मोटार वाहन कायदा 1988 मधलं कलम 182अ 2019 च्या दुरुस्तीने नव्याने लिहिलं गेलं. नियमात न बसणारा बदल केला तर गाडीच्या मालकाला प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. उद्या आरटीओने गाडी थांबवून विचारलं तर दाखवायला तुमचा एखादा कागद आहे का, असंही मी विचारलं होतं. उत्तर मिळालं नाही.

खोक्यातल्या कागदाबद्दलही सांगतो. त्यात बोल्टचा टॉर्क आहे, वॉरंटीच्या अटी आहेत, तुमच्या रेसिंगच्या फोटोंना अर्धं पान दिलंय. पण बसवल्यावर हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे फिरवून बघा, दोन्हीकडे गाडीचा स्टॉपर आधी लागला पाहिजे, दांडा आपटता कामा नये, क्लचची केबल आणि ब्रेकची नळी कुठे चिमटत नाही ना ते पाहा, एवढी साधी सूचना कुठेही नाही. डॅम्पर बसवण्यातली सगळ्यात महत्त्वाची तपासणी हीच आहे. ती छापायला किती शाई लागली असती?

वॉरंटी मिळणार नाही, कारण किट अधिकृत केंद्रात बसवलेलं नाही, असं मला सांगितलं गेलं. बेळगावात तुमचं केंद्र नाही. कोल्हापूरला न्या किंवा हुबळीला न्या, म्हणाले. दोन्हीकडे शंभर किलोमीटरच्या आसपास अंतर. हँडल अडणारी गाडी हायवेवरून तेवढी चालवत न्यायची? आणि घरच्या घरी बसवा हे खोक्यावर तुम्हीच लिहिलंय, हे पुन्हा लिहितो, कारण फोनवर ते कोणीच ऐकून घेतलं नाही.

तुमच्या कंपनीबद्दल मला आपुलकी होती. इथली मशीन शॉप आणि फाउंड्र्या बघत मोठा झालोय, आपल्याकडे असा भाग बनतो याचं कौतुक वाटायचं. बाहेरच्या देशातला महाग डॅम्पर न घेता मुद्दाम तुमचा घेतला, आणि चार मित्रांनाही घ्या म्हणून सांगितलं होतं. त्यांतल्या एकाने हेच किट याच मॉडेलला लावलंय. त्याचं हँडल फिरवून बघितलं, त्याचाही दांडा आपटतो. त्याला त्याच दिवशी काढून ठेवायला लावलं. बाकी किती पोरं हे लावून चोर्ला आणि आंबोली घाटात फिरत असतील, याची मला खरोखर काळजी वाटते. पैशांपेक्षा ती जास्त आहे.

किटचे पूर्ण पैसे आणि फोर्कचा पाइप बदलायचा खर्च मला मिळाला पाहिजे, बिलं सोबत जोडली आहेत. या मॉडेलच्या किटची विक्री क्लॅम्प बदलेपर्यंत थांबवा. ज्यांनी आधीच घेतलंय त्यांना कळवा, त्यांचे नंबर वॉरंटी नोंदणीत तुमच्याकडे आहेतच. बदललेला क्लॅम्प त्यांना फुकट पाठवा. आणि माझी तक्रार निकाली निघाल्याची ती खोटी नोंद काढून टाका.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या नंबरवर नोंद करून मी बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 34 प्रमाणे मी जिथे राहतो तिथेच तक्रार दाखल करता येते. त्यासाठी मला ना पुण्याला यावं लागेल, ना बेंगळुरूला. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फीसुद्धा नाही. वापराच्या पुरेशा सूचना आणि इशारे दिले नाहीत तर होणाऱ्या इजेची जबाबदारी उत्पादकावर येते, हे त्याच कायद्याच्या कलम 84 मध्ये आहे. तुमच्या वकिलांना दाखवा.

डॅम्पर, क्लॅम्प आणि खोकं मी जपून ठेवलंय. तपासायला द्यायला तयार आहे, पण तुमचा माणूस बेळगावात येऊन माझ्यासमोर मापं घेणार असेल तरच. कुरिअरने पाठवणार नाही. कृपया फोन करू नका, जे काय असेल ते कागदावर कळवा.

टिळकवाडी, बेळगाव 590006 येथील आपला ग्राहक

सोबत: किटचं बिल, मिस्त्रीचं बिल, फोर्क पाइपाचं कोटेशन, टर्नरने काढलेलं मापांचं रेखाटन, क्लॅम्प आणि पाइपाचे फोटो, खोक्याच्या चारही बाजूंचे फोटो