‘दुसरा द्यावा’ हे वाक्य मागे घ्या

संपादक महोदय,
स.न.

कालच्या आरोग्य पुरवणीत घरच्या घरी एनिमा देण्याविषयीचा, म्हणजे पोट साफ होण्यासाठी गुदद्वारातून औषध सोडण्याविषयीचा, लेख वाचला. ज्यांच्या घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे त्यांना हा विषय नेहमीचा, पण त्यावर चारचौघांत कोणी बोलत नाही. तुम्ही तो छापलात, याबद्दल मनापासून आभार. पण ‘परिणाम न झाल्यास अर्ध्या तासाने दुसरा द्यावा’ हे वाक्य वाचलं आणि माझे हातपाय गार पडले.

दोन वर्षांपूर्वी मी नेमकं हेच केलं होतं. आई एकोणऐंशीची, किडन्या आधीच कमजोर, चार दिवस पोट साफ नाही. दवाखान्यातून सोडताना ‘लागला तर एनिमा द्या’ एवढंच सांगितलं होतं. कोणता, कसा, किती, याबद्दल एक शब्द नाही. मी फॉस्फेट या क्षाराचा, बाटलीत तयार मिळणारा एनिमा आणून दिला. काही बाहेर आलं नाही म्हणून दुसरा दिला. तोही आतच राहिला. संध्याकाळी आई ग्लानीत होती, हाताची बोटं आखडलेली. रक्तातलं फॉस्फेट चढलं होतं, कॅल्शियम उतरलं होतं. डॉक्टर म्हणाले, ‘औषध आत राहिलं की शरीरात शोषलं जातं. अशा वेळी दुसरा द्यायचा नसतो, आम्हाला फोन करायचा असतो.’ आई वाचली, पण ती संध्याकाळ माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

चोवीस तासांत एकापेक्षा जास्त फॉस्फेट एनिमा घेऊ नये, किडनी आणि हृदयाला गंभीर इजा होऊ शकते, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या सरकारी औषध नियामक संस्थेने, जानेवारी २०१४ मध्येच दिला आहे. वयस्कर माणसं आणि किडनीचे रुग्ण यांना तर तो डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊच नये. पोटात कळा, उलट्या किंवा रक्त पडत असेल तर कोणताही एनिमा नको. हे सगळं लेखात शेवटच्या चौकटीत, भिंगाशिवाय दिसणार नाही अशा अक्षरांत आहे. घरी सेवा करणारे बरेचसे स्वतःच साठीच्या पुढचे असतात हो!

आणि ते चित्र. त्यात आजोबांना कमोडवर बसवून नळी घातलेली दाखवली आहे. बसलेल्या माणसाला नळी घातली तर टोक आतड्याच्या पुढच्या भिंतीवर टेकतं, भोक पडण्याचा धोका असतो. माणसाला डाव्या कुशीवर निजवायचं, उजवा गुडघा पोटाशी घ्यायचा, खाली मेणकापड. टोकाला जेली लावायची, लांब श्वास सोडायला सांगून हळूच सरकवायचं. अडलं तर थांबायचं, जोर नाही. बाटली दाबलेलीच ठेवून बाहेर काढायची, नाहीतर औषध परत आत ओढलं जातं. नंतर उठताना चक्कर येते, तेव्हा हात धरून राहायचं. आणि प्रत्येक वेळी आधी सांगायचं, ‘आता नळी लावतेय’. अंगावर चादर राहू द्यायची. आईला त्रासापेक्षा लाजच जास्त वाटायची.

पुढच्या पुरवणीत त्याच पानावर, मोठ्या अक्षरांत दुरुस्ती छापावी ही विनंती. माझ्या जाऊबाईंनी सासऱ्यांसाठी कालच तुमचं कात्रण काढून ठेवलं होतं. मी फोन करून ते फाडायला लावलं.

आपली,
एक नियमित वाचक