तळमजल्यावरील वाळवीबाबत सोसायटीच्या अध्यक्षांना पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष,
सहकारी गृहनिर्माण संस्था

विषय : ए विंगच्या डक्टमधील ओल आणि तळमजल्यावर पसरणारी वाळवी

महोदय,
स. न. वि. वि.

मी ए विंगमध्ये सदनिका क्र. 3 मध्ये चार वर्षांपासून भाड्याने राहते. सभासद नसल्यामुळे मला सभेत विषय मांडता येत नाही, म्हणून घरमालकांच्या संमतीने हे पत्र लिहीत आहे.

गेल्या महिन्यात बेडरूममधल्या कपाटाचा खालचा खण ओढला, तर त्याची फळी हातातच आली. वरचा रंग शाबूत आणि आत लाकडाऐवजी माती. खणातली मुलीची शाळेची प्रमाणपत्रे फाइलसकट गेली; ती काही पुन्हा मिळणार नाहीत. कपाट सरकवले तेव्हा मागच्या भिंतीवर स्कर्टिंगपासून वर चढलेली, पेन्सिलीएवढ्या जाडीची मातीची नळी दिसली. नखाने तिचा तुकडा काढला, तर आत पांढुरक्या किड्यांची ये-जा चालू होती. तिसऱ्या दिवशी तेवढीच जागा ओल्या मातीने पुन्हा लिंपलेली!

ही नळी आहे म्हणूनच मी आपल्याकडे आले. कोरड्या लाकडातच घर करणारी वाळवी असती, तर कपाटाखाली बारीक, कोरडे दाणे सांडलेले दिसले असते आणि ते कपाट काढून टाकून प्रश्न मिटला असता. आमच्याकडची वाळवी जमिनीतली आहे. तिला सतत ओल लागते, उघड्यावर ती वाळून मरते, म्हणून मातीच्या नळीच्या आडोशाने ती लाकडापर्यंत येते. राणी आणि वसाहत जमिनीखालीच राहते. आम्ही आधी रॉकेल लावले, नंतर बाजारातला स्प्रे मारला. समोर होत्या तेवढ्या मेल्या, आठवड्याने शेजारच्या दाराच्या चौकटीत नवी नळी आली.

ही नळी सांडपाण्याच्या पाइपभोवतीच्या फटीतून डक्टमध्ये जाते. डक्टमध्ये वरच्या मजल्याच्या पाइपचा सांधा गळतो आहे, खालची जमीन कायम ओली आणि शेवाळलेली असते. शिवाय जिन्याखाली जुने दरवाजे आणि फळ्या थेट जमिनीला टेकवून ठेवल्या आहेत. पहिल्या पावसानंतर जिन्यातल्या दिव्याखाली पंखांचा खच पडला होता, तो आपणही पाहिला असेल. ते पंख मी निरखून पाहिले. चारही सारख्या लांबीचे होते. पंखवाल्या मुंग्यांचे पुढचे पंख मागच्यांपेक्षा मोठे असतात, म्हणजे ती वाळवीच होती. असे थवे जुन्या, भरलेल्या वसाहतीतून निघतात, त्यामुळे हे दुखणे माझ्या एका घरापुरते आहे असे मला वाटत नाही.

माझी कळकळीची विनंती आहे की आधी गळका सांधा दुरुस्त करावा. ओल तशीच राहिली तर कितीही औषध ओतले तरी वाळवीला पुन्हा यायला वाट मोकळी आहे. त्यानंतर तळमजल्याच्या सर्व सदनिका, डक्ट आणि इमारतीची बाहेरची कड इथे वाळवीचे औषध एकदमच करून घ्यावे. भिंत आणि फरशी मिळतात त्या रेषेत साधारण 30 सेंमी अंतरावर 12 मिमीची भोके पाडून जमिनीत औषध सोडतात, मग ती बुजवतात. एकाच घरात हे केले तर वाळवी शेजारच्या भिंतीतून फिरून येते. घरातल्या फरशीला भोके पाडण्यासाठी लागणारी परवानगी घरमालक लेखी द्यायला तयार आहेत, आतल्या कामाचा खर्चही ते करतील. डक्ट आणि बाहेरची जमीन मात्र सोसायटीचीच आहे, तिथे आम्हाला हात लावता येत नाही.

एक काळजी मनापासून सांगते. आपली जमिनीखालची पाण्याची टाकी डक्टपासून फार लांब नाही. औषध सोडण्यापूर्वी टाकीची जागा कामगारांना प्रत्यक्ष दाखवावी आणि तिच्या लगतच्या जमिनीत औषध सोडू देऊ नये. कामाची तारीख आधी फलकावर लावली तर लहान मुलांना आणि पाळीव प्राण्यांना दूर ठेवता येईल.

ती फळी मी टाकून दिलेली नाही. समितीपैकी कोणीही रविवारी सकाळी घरी यावे, फळी, नळी आणि डक्टची फट तिन्ही दाखवते. जिन्याखालच्या फळ्या हलवायला मी स्वतः येईन.

कळावे,

आपली नम्र,
सदनिका क्र. 3, ए विंग (भाडेकरू)

प्रत : घरमालक, सदनिका क्र. 3