पेटीतले दोन दगड

फोंडा, गोवा

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

बाकी सगळं मागाहून, आधी एवढं ऐक: आजोबांच्या पेटीतले, वस्तऱ्याला धार लावायचे जे दोन दगड तू फोटोत दाखवलेस, त्यांना खोबरेल लावू नकोस, घरातल्या कोणीही सांगितलं तरी. तेल दगडात मुरून चिकट होतं आणि मग तो दगड मुळात कुठला, हेही ओळखता येत नाही. तो पाणी घालून वापरायचा की तेल घालून, हे ठरेपर्यंत कोरडाच राहू दे.

आजोबांकडे ही चीज आली कुठून, असं तू विचारलंस. पोर्तुगीज अमदानीत युरोपचा माल इथे सहज मिळायचा आणि आपले तारवटी, म्हणजे बोटीवरचे खलाशीही काय काय घेऊन यायचे. पुढे एचआयव्हीच्या धास्तीने सलूनमध्ये बदलत्या ब्लेडचे वस्तरे आले आणि असे दगड माळ्यावर गेले.

फोटोतला दुरंगी दगड, वर पिवळा आणि खाली काळसर, हा बेल्जियमचा कोतिक्यूल. आर्देनच्या डोंगराळ भागात व्हीलसाल्मच्या आसपास याच्या शिरा आहेत. शीर पातळ आणि पिवळा दगड ठिसूळ, म्हणून त्याला खालून स्लेटचा, म्हणजे पाटीच्या दगडाचा आधार देतात. आता भिंग घेऊन बाजूची रेघ बघ. ती पट्टीने मारल्यासारखी सरळ असेल आणि फटीत गडद डिंक दिसला, तर दगड चिकटवलेला आहे. तो उकळत्या पाण्यात घालायचा नाही, भिजतही ठेवायचा नाही. पिवळा रंग खालच्या निळसर दगडात वेडावाकडा शिरला असेल, तर जोड निसर्गाचा. पिवळ्या थरात गार्नेट या खनिजाचे अतिसूक्ष्म कण असतात. ते पोलादाहून कठीण, पण गोलसर. त्यामुळे दगड कापतो झपाट्याने आणि ओरखडे मात्र उथळ ठेवतो. खात्री हवी असेल तर दोन थेंब पाणी टाकून घास: पिवळ्याचा चिखल, म्हणजे घासून सुटणारा गाळ, दुधाळ पांढरा येतो, निळ्याचा जांभळट.

दुसऱ्या, राखाडी-हिरव्या दगडावर मी फोटो बघून पैज लावणार नाही. जुन्या सामानाचे व्यापारी असला कुठलाही दगड ‘एशर’ म्हणून पुढे करतात. एशर अँड सोन ही जर्मनीत थुरिंगियातल्या झोनेबर्गची पेढी. तिचे दगड पिवळट हिरव्यापासून गडद निळ्यापर्यंत असत आणि त्यांवर कागदी लेबल असे. पण लेबल कुठेही डकवता येतं. तुझ्या दगडावर कागदाचा कपटा असेल तर तो जप, फक्त त्यावर विसंबू नकोस. थुरिंगियाचा दगड मऊ, पाण्याबरोबर चिखल चटकन सोडतो. हिरव्यावर तांबूस-तपकिरी ठिपके असतील आणि घासूनही चिखल येत नसेल, तर इंग्लंडमधल्या लेस्टरशायरचा चार्नली फॉरेस्ट नावाचा दगड आठव. त्यावर तेल वापरायची रीत आहे, आणि तो फार सावकाश काम करतो.

अमेरिकेतला आर्कान्सा नावाचा दगड असेल का, याचा निकाल वजनावर लागतो. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर कोरडा दगड तोल. मग पाण्याचं भांडं काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आण, आणि दगड दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल असा धर, तळाला टेकू देऊ नकोस. जो आकडा येईल त्याने कोरड्या वजनाला भाग. समजा कोरडा 280 ग्रॅम आणि पाण्यात 100, तर घनता 2.8. आर्कान्सा जवळजवळ निव्वळ सिलिका, म्हणजे 2.65 च्या वर जाणारच नाही. 2.8 आली की तो विषय संपला, तू स्लेटच्या घराण्यात आहेस. (हा खेळ मला दाढीपेक्षाही आवडतो, हे घरी बोलू नकोस.)

अंगावर दाबून काढलेली अक्षरं असतील, दाणा सगळीकडे एकसारखा असेल, तर तो कारखान्यातला. कार्बोरंडम या कृत्रिम धारद्रव्याचं पेटंट अमेरिकन संशोधक अ‍ॅचिसनने 1893 मध्ये घेतलं, तेव्हा जुना दिसतो म्हणून नैसर्गिक असेलच असं नाही.

दगड मधे खोलगट दिसतोय. ग्रॅनाइटच्या दुकानात मशीनवर घासायला देऊ नकोस, चिकटवलेला असेल तर दोन तुकडे हातात येतील. जाड काचेवर 220 नंबरचा वॉटर पेपर (पाणी घालून वापरायचा पॉलिशपेपर) ठेव, दगडावर पेन्सिलने चौकटी आख आणि त्या पुसल्या जाईपर्यंत पाणी घालत घास. मग 400, 600. कोरडं घासू नकोस, ती धूळ फुफ्फुसाला वाईट.

आता वस्तरा. पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकलेली हवीत. कोन पाठच ठरवते, तू ठरवायला जाऊ नकोस. धार पुढे ठेवून ढकल, आणि परतताना पाठीवर वळव, धारेवर कधीच नाही. दगड अरुंद आहे, म्हणून मुठीकडून टोकाकडे तिरपा ओढत ने. कोतिक्यूलवर आधी दाट चिखल घे, मग थेंबाथेंबाने पाणी घालत तो पातळ कर, शेवटी नुसतं स्वच्छ पाणी आणि वस्तऱ्याचं स्वतःचं वजन. ही पायरी लोक उरकून टाकतात, आणि धार तिथेच बिघडते: चिखलातले सुटे कण पुढे येणाऱ्या धारेवर आपटून तिला बोथट करत राहतात. पाणी निवळल्यावरच ती बारीक होते. मग चामड्याचा पट्टा, आणि तिथे उलटं: पाठ पुढे, धार मागे.

पावसाळ्यात आपल्याकडे पोलाद रात्रीत गंजतं. दाढी झाली की वस्तरा पुसून मशीन ऑइलचं बोट फिरव, आणि चामड्याच्या डबीत कोंडू नकोस.

आणि हो, त्या पेटीत बोटाएवढा, एका बाजूने गुळगुळीत झालेला दगडाचा तुकडा असेल तर कचरा समजून फेकलास तर बघ. चिखल काढायला तोच लागतो, आणि तो ज्या मोठ्या दगडाच्या रंगाचा, त्याचाच जोडीदार असण्याची शक्यता जास्त. दोन्ही दगडांशेजारी ठेवून एक फोटो पाठव.

तुझाच