अर्जदार कोण?

प्रति,
माननीय नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी पूर्व उपनगरातल्या एका पुनर्वसन वसाहतीत राहते. दर शनिवारी संध्याकाळी सोसायटीच्या ऑफिसात आठवी ते बारावीच्या मुलांचा वर्ग घेते. वर्ग सुरू केला होता गणितासाठी. गेल्या पावसाळ्यात एक नववीतली मुलगी रोज पंधरा-वीस मिनिटं उशिरा यायला लागली. विचारलं तर म्हणाली, "बाई, मागच्या गल्लीतला दिवा गेलाय. मी मेन रोडने वळसा घालून येते." दुसरी म्हणाली, मीपण. मग तिसरी. तेव्हा कळलं, वर्गातल्या प्रत्येक मुलीच्या डोक्यात वसाहतीचा स्वतःचा एक नकाशा आहे. कुठून जायचं, कुठून नाही, किती वाजेपर्यंत.

तो नकाशा आम्ही कागदावर उतरवला. जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मुलांनी इमारती, गल्ल्या, नळ, शौचालय, बसस्टॉप काढला. मुलींनी घरून टिकल्यांची पाकिटं आणली. जिथे जायला भीती वाटते तिथे लाल टिकली, जिथे बरं वाटतं तिथे हिरवी. पंपाच्या खोलीमागे, शौचालयाच्या वाटेवर आणि बसस्टॉपच्या कोपऱ्यावर लाल टिकल्यांची दाटी झाली. ते अपेक्षित होतं. मला चकित केलं ते हिरव्यांनी. सगळ्यात जास्त हिरव्या टिकल्या एका पिठाच्या गिरणीसमोर होत्या. कारण विचारलं तर मुली म्हणाल्या, गिरणी रात्री दहापर्यंत उघडी असते, उजेड असतो, बायका डबे घेऊन थांबलेल्या असतात. मी नकाशा काढला असता तर सीसीटीव्ही कुठे लावायचा याची खूण केली असती. गिरणी माझ्या डोक्यात आली नसती.

वर्गात कुबड्या घेऊन चालणारा एक मुलगा आहे. त्याने फूटपाथची उंची वितीने मोजली: दोन वीत. वसाहतीजवळच्या बागेच्या तोंडाशी, दुचाकी आत जाऊ नये म्हणून, आडवेतिडवे पाइप लावलेत. त्यांतून तो कसाबसा जातो, चाकाची खुर्ची जात नाही. त्याने त्या जागी कागदावर फक्त फुली मारली. अशाच खांबांचा प्रश्न २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर आला. फूटपाथच्या तोंडाशी उभारलेल्या खांबांमुळे चाकाची खुर्ची वर चढवता येत नाही, असा ई-मेल एका रहिवाशाने न्यायालयाला पाठवला आणि न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ चा आहे. खांब उभारण्याआधी खुर्चीवरच्या एका माणसाला विचारलं असतं तर प्रकरण न्यायालयापर्यंत गेलंच नसतं.

नकाशा आणि त्यासोबतचा अर्ज घेऊन मी सहा मुलांसह एका कार्यालयात गेले. खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने अर्ज वाचला आणि विचारलं, "अर्जदार कोण?" मुलं म्हणाली, आम्ही. तो माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "अठरा पूर्ण आहेत का कोणाला? नाही ना? मग बाई, तुम्हीच सही करा." मी सही केली. आवक शिक्का बसला. दोन महिने राबून मुलांनी केलेलं काम माझ्या नावावर जमा झालं. परत येताना रिक्षात कोणी बोललं नाही. महोदय, हे पत्र त्या सहीपायी लिहिते आहे.

या मुलांना शहराच्या कारभारात बोलावलं जात नाही असं नाही. बोलावतात, पण भिंती रंगवायला, घोषवाक्यं लिहायला, झाडं लावताना फोटोत उभं राहायला. काय बांधायचं ते ठरून, निविदा निघून, काम पुरं झालं की मगच त्यांची आठवण होते. ठरवताना ती कुठेच नसतात.

शहरात कुठे काय होणार हे ठरवणारा मुंबईचा सध्याचा विकास आराखडा २०१४ ते २०३४ असा आहे. २०१४ मध्ये इथे जन्मलेलं मूल २०३४ ला वीस वर्षांचं होईल. त्याचं सगळं बालपण, शाळा, मैदान, पहिला लोकल प्रवास या एकाच आराखड्यात जाईल आणि त्या आराखड्याबद्दल त्याला एकदाही कोणी विचारलेलं नसेल. सूचना-हरकतींची नोटीस ज्या भाषेत निघते ती मलाही दोनदा वाचावी लागते. याच आराखड्याचा २०१५ चा पहिला मसुदा चुकांमुळे सरकारला रद्द करावा लागला होता, हे आपणांस ठाऊक आहे. जमिनीवर काय आहे आणि कागदावर काय आहे यांचा मेळ नव्हता. आपल्या गल्लीतलं प्रत्येक देऊळ, प्रत्येक नळ, प्रत्येक बंद दरवाजा शाळकरी पोरांना पाठ असतो. पुढच्या आराखड्यासाठी जमीनवापराची पाहणी होईल तेव्हा वस्तीवस्तीतली मुलं सर्वेक्षकांसोबत फिरवा, एवढं तरी करता येईल.

माझा मामा वरळीच्या बीडीडी चाळीत वाढला. १६० चौरस फुटांची खोली, आत आठ माणसं. तो आणि त्याचे मित्र रात्री पोद्दार हॉस्पिटलच्या मागच्या रस्त्यावर दिव्याखाली अभ्यासाला बसत. रस्त्याचं नाव सुदाम काळू अहिरे मार्ग, पण सगळी वरळी त्याला अभ्यासगल्ली म्हणते. पिढ्यान् पिढ्या चाळीतली पोरं तिथे शिकली. ही गल्ली कोणत्या आराखड्यातून आली नाही. घरात जागा नाही, रस्ता शांत आहे, वर दिवा आहे, हे पोरांनी हेरलं आणि शहराने ते फार उशिरा मान्य केलं. पुढे महापालिकेने तिथे बाकं आणि दिवे केले, चांगलं केलं. पण मामा जेव्हा तिथल्या आठवणी सांगतो तेव्हा माझ्या मनात येतं, रात्री एक वाजता त्या गल्लीत बसायला किती मुलींना घरून जाऊ देत असतील? मुलींना विचारलं असतं तर मुंबईतल्या पोरींची अभ्यासगल्ली कुठे असती, कशी असती? मला खरंच माहीत नाही. त्यांना विचारावं लागेल.

न विचारण्याची किंमत किती मोठी असते ते पुनर्वसन वसाहतींत दिसतं. गोवंडीची नटवर पारेख कंपाउंड, मानखुर्दची लल्लूभाई कंपाउंड इथे झालेल्या अभ्यासाचा अहवाल २०१८ मध्ये आला. इमारती एकमेकींना इतक्या खेटून की खालच्या मजल्यांवर ऊन-वारा पोहोचत नाही आणि तिथे क्षयरोगाचं प्रमाण जास्त. आमच्याकडेही दोन इमारतींमध्ये ऊन दुपारी थोडा वेळ उतरतं. ते कधी आणि कुठे उतरतं हे मुलांना मिनिटावर माहीत आहे, कारण लहान भावंडांना तेव्हा तिथे खेळायला सोडायचं असतं.

आता मागणी. २००९ मध्ये राज्याने शहरांसाठी क्षेत्रसभेची तरतूद कायद्यात आणली. ती प्रभागाच्या एकेका भागातल्या मतदारांची सभा आहे. माझ्या वस्तीत ती भरलेली मी अजून पाहिलेली नाही, तो विषय वेगळा. आपण ती नियमित भरवाल तेव्हा तिच्याआधी १४ ते २१ वयाच्या मुलामुलींची स्वतंत्र सभा भरवावी. आपल्या राज्यात ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची तरतूद आहेच. थोरांच्या समोर बायका बोलत नाहीत, हे त्या कायद्याने ओळखलं. मुलंही बोलत नाहीत. त्यांना मताचा हक्क द्या असं मी म्हणत नाही. त्यांची सभा व्हावी, तिचं इतिवृत्त लिहिलं जावं, क्षेत्रसभेत ते वाचून दाखवावं आणि प्रत्येक मागणीवर हो किंवा नाही, कारणासकट, लेखी उत्तर त्यांच्या नावाने जावं. "नाही" आलं तरी चालेल. मुलांना नकार पचवता येतो, गप्प बसणं पचत नाही.

आणि थोडे पैसे. पुण्यात २००६ पासून नागरिक आपल्या भागातली कामं सुचवतात आणि ती अंदाजपत्रकात घेतली जातात. मुंबईत २२७ प्रभाग आहेत. दर प्रभागामागे मुलांच्या सभेने सुचवलेल्या कामांसाठी वर्षाला दहा लाख ठेवले तर २२ कोटी ७० लाख होतात. महापालिकेचं २०२५-२६ चं अंदाजपत्रक ७४,४२७ कोटींचं होतं. शंभर रुपयांतले तीन पैसे. तेवढ्यात गिरणीसमोर आहे तसा उजेड शौचालयाच्या वाटेवर होतो, बागेच्या तोंडाशी उतार होतो.

एक अट मात्र हवी. सभेत शाळेतली हुशार, धीट पोरंच पुढे येतील, मॉनिटर असतात तशी. म्हणून शाळा सोडलेली, कामावर जाणारी, अपंग मुलं आणि निम्म्या मुली असल्याशिवाय सभा ग्राह्य धरू नये. वेळही त्यांच्या सोयीची हवी. आमच्या वर्गातला एक मुलगा रविवारी सकाळी गाड्या धुतो आणि एका मुलीला पाण्याच्या वेळी घरी थांबावंच लागतं.

आपण वेळ दिलात तर मुलं तो नकाशा घेऊन मंत्रालयात येतील. टिकल्या थोड्या सुटायला लागल्यात, म्हणून वर प्लास्टिक चिकटवलंय. सहा जण आहेत, सगळ्यांकडे आधार कार्ड आहे. एवढीच विनंती, की प्रवेशाचे पास त्यांच्या नावाने निघावेत. मी सोबत म्हणून येईन.

आपली नम्र,
शनिवारच्या वर्गाची बाई