शिडाच्या बोटीवरचा संसार आणि छापील वेळापत्रक

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

शिडाच्या बोटीवर राहून जग पाहणाऱ्या जोडप्यांविषयीचा आपल्या रविवार पुरवणीतील लेख आस्थेने लिहिलेला आहे, यात शंका नाही. तथापि त्यासोबत दिलेल्या वर्षभराच्या वेळापत्रकाच्या चौकटीविषयी, म्हणजे कोणत्या महिन्यात कोणते बेट गाठावे आणि तेथे किती दिवस राहावे या तक्त्याविषयी, काही लिहिणे मला आवश्यक वाटते. मी आणि माझे यजमान मूळचे चिपळूणचे असून गेली काही वर्षे पूर्व कॅरिबियन समुद्रात चाळीस फुटी बोटीवर राहत आहोत. मुदतपूर्व निवृत्ती घेऊन असे काही करावे असा विचार मनात असलेल्या वाचकांनी तो तक्ता कापून जपून ठेवला असेल, तर त्याचा त्यांना उपयोग होण्याऐवजी उपद्रव होण्याचीच शक्यता अधिक आहे.

आमच्यासारखी बोट चांगला वारा असताना ताशी पाच ते सहा सागरी मैल चालते, म्हणजे सावकाश चालवलेल्या सायकलच्या वेगाने. आणि वारा समोरून असेल तर सरळ रेषेत चालतच नाही. येथील व्यापारी वारे वर्षातला बराच काळ पूर्वेकडून वाहतात, नाताळाच्या सुमारास ते आठवडेच्या आठवडे जोर धरून बसतात, आणि १ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा मोसम असतो. या मोसमात बोट ठरावीक अक्षांशाच्या दक्षिणेस नसेल, तर अनेक विमा कंपन्या वादळात झालेल्या नुकसानीची भरपाई देत नाहीत. त्यामुळे मे महिना संपत आला की बेटाबेटांतून विखुरलेल्या बोटी दक्षिणेच्या ग्रेनाडा आणि त्रिनिदाद या बेटांकडे सरकू लागतात. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर याच १ जूनपासून मासेमारी बंद होते, होड्या वर ओढून शाकारल्या जातात आणि पुढे नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिला जातो. कोकणातल्या कोणत्याही तांडेलाला विचारले असते, तरी महिन्यांचा तक्ता समुद्रापुढे कितपत टिकतो हे त्याने सांगितले असते.

मोसम ओळखून वागले तरी बेत टिकतोच असे नाही, याचे उदाहरण फार जुने नाही. २०२४ च्या जूनअखेरीस ग्रेनाडाच्या दक्षिण किनाऱ्यावरील खाड्या नेहमीप्रमाणे बोटींनी भरल्या होत्या, आणि बेरिल नावाचे वादळ २८ जूनच्या शुक्रवारी दूर अटलांटिकमध्ये आकार घेत होते. जूनमध्ये तेथे इतके प्रबळ वादळ सहसा होत नाही, म्हणून बहुतेकांचे लक्ष बोटीच्या दुरुस्तीकडे होते. बोट पाण्याबाहेर काढून तळ रंगवण्यासाठी आम्ही यार्डातली तारीख घेतलेली होती आणि माझ्या नणंदेची विमानाची तिकिटेही काढून झाली होती. शनिवारी सकाळचा अंदाज पाहिल्यावर हे सारे बाजूला पडले. त्रिनिदाद तेथून सुमारे ऐंशी सागरी मैलांवर आहे, म्हणजे संध्याकाळी निघाले तर दुसऱ्या दिवशी सकाळ उलटून जाता जाता पोहोचता येते. कस्टम्सच्या कचेरीसमोर त्या दिवशी नांगर उचलू पाहणाऱ्यांची रांग होती, आणि तीत आम्हीही होतो. सोमवारी, १ जुलैला, ताशी सुमारे २४० किलोमीटर वेगाच्या वाऱ्यांसह बेरिल ग्रेनाडाच्याच कारियाकू या लहान बेटावर धडकले. त्या बेटावरचे क्वचितच एखादे घर शाबूत राहिले, आणि तेथील कांदळवनात, जी जागा पिढ्यान्‌पिढ्या वादळातला आसरा म्हणून ओळखली जाते तेथे, बांधून ठेवलेल्या कित्येक बोटी एकमेकींवर आदळून फुटल्या.

ग्रेनाडाच्या दक्षिण किनाऱ्यावरच थांबलेल्या पुष्कळ बोटी मात्र सुखरूप राहिल्या. मग तुम्ही उगाच धावपळ केलीत, असे आम्हाला नातेवाइकांनी फोनवर सांगितले. मला हा तर्क मान्य नाही. शनिवारी सकाळी हाती असलेल्या माहितीवर घेतलेला निर्णय सोमवारी संध्याकाळी कळलेल्या निकालावरून तपासणे योग्य नव्हे. वादळाचा मार्ग चाळीस-पन्नास किलोमीटर दक्षिणेला सरकला असता, तर हेच नातेवाईक आमच्या शहाणपणाचे कौतुक करत असते. पुढे अनेक बोटींनी पाणी, ताडपत्र्या आणि शिधा भरून कारियाकू गाठले आणि त्यांचे त्या मोसमातले उरलेसुरले बेतही त्यात गेले. त्याबद्दल कोणी कुरकुर केल्याचे माझ्या कानावर आले नाही.

तथापि वादळे ही अपवादाची गोष्ट झाली. बोटीवरचे बेत बहुतेक वेळा याहून फार क्षुल्लक कारणांनी बदलतात, आणि तसे ते बदलणार हे गृहीत धरूनच तेथला संसार मांडावा लागतो, ही बाब आपल्या लेखातून पूर्णपणे निसटली आहे. पाण्याचेच घ्या. आमच्या टाक्यांत सुमारे चारशे लिटर गोडे पाणी मावते आणि दोघांनी रोज वीस लिटरच्या आत भागवले, तर ते तीनएक आठवडे पुरते. खाऱ्याचे गोडे करणारे यंत्र बोटीवर आहे, पण गावाच्या सांडपाण्याजवळच्या खाडीत किंवा मोठ्या पावसानंतर गढूळ झालेल्या पाण्यात ते चालवता येत नाही, कारण त्याची पातळ पडदी लगेच खराब होते. आणि ते नुसते बंद ठेवले तरी दर काही दिवसांनी गोड्या पाण्याने धुवावेच लागते. म्हणजे एखाद्या सुट्या भागाची वाट पाहत गावालगतच्या खाडीत मुक्काम लांबला की, यंत्र असूनही डिंगीतून, म्हणजे बोटीसोबतच्या छोट्या होडीतून, कॅन भरभरून आणणे कपाळी येते. एका पंपाच्या सीलसाठी आम्ही असे अनेक आठवडे एकाच जागी काढले आहेत. पुरवठादार दर सोमवारी पार्सल निघाल्याचे सांगत असे. आम्ही त्या मुदतीत समोरच्या टेकडीवरचे सगळे रस्ते पायाखाली घातले.

स्वयंपाकघराचेही तसेच. दोन दिवसांचा प्रवास चार दिवसांचा होऊ शकतो आणि आठवड्याचा मुक्काम महिन्याचा, म्हणून कोबी, भोपळा, कांदे आणि बटाटे हेच आमचे खरे सोबती. त्यातही कांदे आणि बटाटे निरनिराळ्या जाळ्यांत टांगावे लागतात, नाहीतर बटाट्यांना लवकर कोंब फुटतात. पुठ्ठ्याचे खोके बोटीवर येऊच द्यायचे नाही, कारण त्यातून झुरळांची अंडी येतात. कणकेला सोंडे लागतात, त्यासाठी ती लहान लहान डब्यांत विभागून ठेवावी लागते, म्हणजे एक डबा गेला तरी बाकीचे वाचतात. बोट कलली तरी सपाट राहणाऱ्या झुलत्या शेगडीवर कुकर चढवला की, झाकण बंद असल्यामुळे लाटेने भात सांडत नाही. शेजारच्या बोटींवरच्या फ्रेंच आणि कॅनेडियन मंडळींनीही कुकरचे महत्त्व केव्हाच ओळखलेले आहे. किनारा दिसेनासा होऊन ताजी भाजी संपली की, ओल्या फडक्यात बांधलेली मटकी या उष्ण हवेत दीड दिवसात मोडावते, आणि त्या उसळीने जी तरतरी येते ती डब्यातल्या भाजीने येत नाही. त्रिनिदादला पोहोचल्यावर डाळी, हरभरे आणि कणीक यांची ददात राहत नाही, कारण १८४५ पासून उत्तर प्रदेश-बिहारकडून मजूर म्हणून नेलेल्या भारतीयांचे वंशज तेथे मोठ्या संख्येने आहेत. ग्रेनाडा तर जायफळाचेच बेट. त्याच्या राष्ट्रध्वजावरही जायफळ आहे, आणि श्रीखंडासाठी चक्का कोठून आणायचा एवढाच प्रश्न तेथे उरतो.

आपल्या वाचकांच्या दृष्टीने सर्वात महत्त्वाची, आणि लेखात अजिबात न आलेली, अडचण पासपोर्टची आहे. तक्त्यात फेब्रुवारी महिना मार्टिनिकसाठी राखलेला आहे. हे बेट फ्रान्सचा भाग आहे. बोटीचे सामान आणि किराणा यांसाठी त्याच्यासारखी जागा जवळपास नाही, म्हणून युरोपीय बोटी वाऱ्याने थोडे वळण घेतले तरी सहज तेथे शिरतात. भारतीय पासपोर्टधारकाला मात्र तेथे उतरण्यासाठी व्हिसा लागतो आणि युरोपातल्या प्रवासासाठी मिळालेला शेंगेन व्हिसा तेथे आपोआप चालत नाही. ग्रेनाडा आणि त्रिनिदाद आपल्याला काही काळ व्हिसाशिवाय राहू देतात, म्हणून आमचे पर्यायी मुक्काम नेहमी त्याच बाजूला असतात. त्याशिवाय प्रत्येक देशात शिरताना पिवळा झेंडा लावणे, कप्तानाने एकट्याने किनाऱ्यावर जाऊन कस्टम्स आणि इमिग्रेशनचे सोपस्कार करणे, आणि निघताना पुन्हा तेच करणे, हे असतेच. निघण्याचा परवाना बहुतेक ठिकाणी दिवसभरापुरताच असतो. तो हाती पडल्यावर वारा फिरला, तर पुन्हा कचेरीत जाऊन, अजून येथेच आहोत, असे सांगावे लागते. तेथील अधिकाऱ्यांना याचे नवल वाटत नाही. नवल वाटते ते आपल्याकडच्या लोकांना.

घरातल्या घरात हे बदल कसे पचवायचे, हा प्रश्न यंत्रांपेक्षा अवघड आहे. निघायचे ठरवून डिंगी वर घेतलेली असते, सामान बांधलेले असते, आणि पहाटेच्या अंदाजात लाटा वाढलेल्या दिसतात. अशा वेळी दोघांपैकी एकाचाही नकार असेल तर निघायचे नाही आणि त्याचे कारणही विचारायचे नाही, असे आम्ही ठरवून घेतले आहे. कारण विचारले की वाद सुरू होतो, आणि तेवढ्याशा केबिनमध्ये वादाला बाहेर जायला जागा नसते. ज्या जोडप्यांत एकाचे स्वप्न आणि दुसऱ्याची केवळ सोबत असते, त्यांची बोट बहुधा पहिल्या दोन मोसमांत विक्रीला लागते, असे मी आजूबाजूला पाहिले आहे.

महोदय, तारखांचा हा आग्रह आपल्या पुरवणीपुरता नाही. १० सप्टेंबर २०१७ रोजी लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली गोव्याहून निघालेल्या ‘तारिणी’ या नौदलाच्या शिडाच्या नौकेने पृथ्वीप्रदक्षिणेच्या शेवटच्या टप्प्यात, सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाल्यामुळे, ठरलेले नसताना मॉरिशसच्या पोर्ट लुईला मुक्काम केला, दुरुस्ती केली आणि २१ मे २०१८ रोजी ती गोव्याला परतली. घर समोर दिसत असताना वाट वाकडी करून बंदरात शिरणे ही त्या साऱ्या प्रवासातली माझ्या मते फार मोलाची कृती होती. पण त्यांच्याविषयीच्या कौतुकाच्या लेखांत दिवस आणि मैल मोजले जातात आणि त्या मुक्कामासाठी फार तर एक ओळ खर्च होते. परतण्याची तारीख आधीच छापून आलेली असेल, सत्काराचा मांडव घातलेला असेल, तर असा निर्णय घेणे किती जड जात असेल, याचा विचार बातमी लिहिणाऱ्यांनी करावयास हवा. जाहीर केलेल्या तारखेसाठी वाईट हवेत निघालेल्या आणि किनाऱ्यावर आपटलेल्या बोटी आम्ही पाहिल्या आहेत.

म्हणून माझी विनंती एवढीच आहे की, पुढील अंकात त्या चौकटीची दुरुस्ती छापावी. महिन्यांऐवजी वाऱ्यांचे मोसम, चक्रीवादळांच्या काळात बोट कोठे ठेवता येते आणि विमा कंपनी त्याविषयी काय अट घालते, भारतीय पासपोर्टवर कोणत्या बेटांवर व्हिसाशिवाय उतरता येते, आणि तीन महिन्यांच्या सक्तीच्या मुक्कामाला पुरेल एवढी रक्कम का बाजूला ठेवावी, हे त्यात यावे. बोटीवर राहणाऱ्यांना भेटायला जाऊ इच्छिणाऱ्या आप्तांसाठीही एक ओळ असावी. येथील बोटवाल्यांत असा रिवाज आहे की, पाहुण्याने भेटीची तारीख सांगावी किंवा जागा सांगावी. दोन्ही सांगू नयेत. माझ्या नणंदेने त्या वर्षी तारीख धरून ठेवली आणि तिकीट बदलून त्रिनिदादला उतरणे पत्करले.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपली नम्र,
एक वाचक
(मूळ गाव चिपळूण, सध्या मुक्काम ग्रेनाडा)