ब्युरेट माझ्या हातात देणाऱ्या, कॉलेजच्या लॅबमधल्या काकांना

ती. काका,
सा. न. वि. वि.

मी 1998 च्या अकरावी सायन्सची, बी बॅचची. चेहरा आठवणार नाही तुम्हाला. पण दहा मिलीची पिपेट, ती काचेची मापनळी, फोडून दारामागे रडत बसलेली म्हटलं, की बहुतेक आठवेल.

यंदा 11 फेब्रुवारीला, विज्ञानातल्या महिला आणि मुलींच्या दिवशी, एका शाळेनं मला बोलायला बोलावलं. जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींविषयी बोलायचं हे लगेच ठरलं. भाषण लिहायला बसले आणि डोळ्यांसमोर आलं ते तुमचं अॅसिडचं कपाट.

त्याआधीचं सांगते. पहिलंच टायट्रेशन होतं. ब्युरेट म्हणजे खाली चावी असलेल्या उभ्या काचनळीतून कॉस्टिक सोडा थेंबाथेंबानं ऑक्झॅलिक अॅसिडमध्ये सोडायचा आणि रंग गुलाबी व्हायला लागला की थांबून किती लागला ते मोजायचं. चौघांत मिळून एक ब्युरेट. दोघं मुलगे ब्युरेटला चिकटले आणि आम्हा दोघींना रीडिंग लिहायला बसवलं. कारण काय, तर मुलींचं अक्षर चांगलं! सर पलीकडच्या टेबलावर होते. तुम्ही बाटल्या पुसत आलात, माझ्या हातातली वही काढून त्या मुलाच्या हातात दिलीत आणि म्हणालात, "अक्षर सुधारू दे की त्याचंबी." मग मला पुढं केलंत. डाव्या हातानं ब्युरेटची चावी, उजव्या हातानं फ्लास्क गोल फिरवायचा. मी भसकन सोडलं आणि फ्लास्कभर भडक गुलाबी झालं. तुम्ही ते ओतून दिलंत. "गुलाबी नको. गुलाबीची चाहूल हवी." तिसऱ्या वेळी शेवटचा थेंब ब्युरेटच्या टोकाला लोंबत राहिला, मी तो फ्लास्कच्या कडेला टेकवून घेतला, आणि पाण्यात अगदी फिकट, आहे की नाही असा रंग उमटला. तो गेला नाही. तेवढ्यात तुम्ही दुसऱ्या टेबलाकडे निघूनही गेला होतात.

कमलाबाईंविषयीचं ते वर्तमानपत्राचं कात्रण मला दिसलं पिपेट फोडली त्या दिवशी. अॅसिडच्या वाफांनी कडा तपकिरी झालेलं, कपाटाच्या दाराला आतून डकवलेलं. कमलाबाई त्याच वर्षी जूनमध्ये गेल्या होत्या. दिल्लीत, स्वतःच्याच सत्काराच्या समारंभात कोसळल्या. "दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण," तुम्ही म्हणालात, आणि माझं रडणं थांबावं म्हणून की काय, सगळी हकिगत सांगितलीत. 1933 साली मुंबईची पदवी घेऊन ही मुलगी बंगळूरच्या विज्ञान संस्थेत प्रवेश मागते. वडील आणि काका तिथंच शिकलेले. तरी संचालक सी. व्ही. रामन नाही म्हणतात, कारण ती मुलगी आहे. ती हटत नाही. शेवटी प्रवेश मिळतो तो अटींवर: पहिलं वर्ष फक्त पारखून बघण्यापुरतं, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीसुद्धा काम करायचं, आणि तिच्यामुळे संस्थेतलं वातावरण बिघडता कामा नये! वर्षभर काम बघून रामन यांचं मत बदललं आणि मुलींना तिथं दार उघडलं. पुढं त्या केंब्रिजला गेल्या, बटाट्यात सायटोक्रोम सी हे पेशींच्या श्वसनातलं प्रथिन शोधून काढलं. वनस्पतींच्या पेशीही श्वसनासाठी तेच वापरतात, हे त्यातून पुढं आलं. 1939 च्या पीएचडीचा प्रबंध जेमतेम 40 पानांचा. (माझं जर्नल त्याहून जाड होतं, हे तुम्हीच दाखवून दिलंत.)

आणि दर 28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, रामन यांच्या फोटोला हार घालणारेही तुम्हीच. मी त्याविषयी विचारलं होतं. "माणूस मोठाच. पण तिथं चुकला म्हंजे चुकला." हार बाहेर, कात्रण आत. दोन्ही तुमच्याकडे गुण्यागोविंदानं नांदत होतं.

पुढं मी डेअरीच्या लॅबमध्ये लागले. मुलाखतीला पाचजण होतो. "रात्रपाळी जमेल का?" हे फक्त मला विचारलं. मला एकदम अॅसिडचं कपाट दिसलं आणि हसू आलं. त्यांना वाटलं, पोरगी आगाऊ आहे. तरी घेतलं. आता रोज पहाटे 4 ला संकलनाचं दूध येतं तेव्हा मी असते. दुधातलं फॅट मोजायच्या काचनळीत, बुटायरोमीटरमध्ये, 10 मिली सल्फ्युरिक अॅसिड, त्यावर कडेनं अलगद 10.75 मिली दूध, मग 1 मिली अमाइल अल्कोहोल. बूच लावून हलवलं की कपड्यातूनही हाताला चटका बसतो आणि आतलं सगळं चॉकलेटी होतं. नवीन मुली घाईनं ओततात. कडेनं, थेंबाथेंबानं, असं मी सांगते तेव्हा आवाज माझा असतो, पण बोलणं तुमचंच.

कमलाबाईही दुधातल्या प्रथिनांवर काम करायच्या, पुढं आरे दूध प्रकल्पाच्या सल्लागार होत्या, नीरा या पेयावरच्या संशोधनाला त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. हे मला फार नंतर, वाचून कळलं. कात्रणाचा खालचा कोपरा जळालेला होता ना.

शाळेत मी त्यांच्याविषयी वीस मिनिटं बोलले आणि तुमच्याविषयी पाच. प्रश्न सगळे तुमच्याविषयीच आले. एका मुलीनं विचारलं, ते काका अजून आहेत का? मला सांगता येईना, म्हणून कॉलेजात फोन केला. निवृत्त होऊन गावी असता, एवढं कळलं.

त्या पिपेटची नोंद तुम्ही मोडतोड रजिस्टरात "जुनी, तडा गेलेली" अशी केली होतीत. ती कोरी होती, काका. माझ्या डिपॉझिटमधून एक रुपया कापला गेला नाही. ते पैसे द्यायचे राहिलेत. दिवाळीत घेऊन येते.

तुमची,
बी बॅच, तिसरं टेबल